पाच तबकड्यांची एक अडखळ

१

डब्याचं झाकण निघालं आणि आत मोहफुलं दिसली.

मूठभर, वाळलेली, तपकिरी मोहफुलं. माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते मी गिळलं, कारण समोर रुखमाबाई बसल्या होत्या. पण विचार करा, चांद्याहून मोटारीनं निघायचं, डोंग्यात बसून वैनगंगा ओलांडायची, पुढे गडचिरोलीच्या जंगलातून सहा कोस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि ज्या तबकडीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्या जागी काय? मोहफुलं!

मी गुणवंतराव. चांद्यात ग्रामोफोन दुरुस्त करतो. लोक मला मिस्त्री म्हणतात, माझ्यामागे चिडका मिस्त्री म्हणतात, आणि दोन्ही बरोबर आहे. तुटलेली स्प्रिंग मला चालते, पण तबकडीला घामट बोटं लावणारा माणूस चालत नाही.

'दिस गेला पहाडाआड, बाई वो, चाल घरा' हे गाणं न ऐकलेला माणूस आमच्या जिल्ह्यात शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. वीस वर्षांत त्याच्या पाच तबकड्या निघाल्या. पहिली छत्तीस सालची, रुखमाबाईंची. दोन वर्षांनी नाटकात बायकांची कामं करणारे दाजीबा ते गायले. मग एका कीर्तनकारबुवांनी घर म्हणजे देवाचं घर असा अर्थ लावून त्याचं भजन केलं. पुढे मुंबईच्या एका सिनेमानं ते उचललं, आणि शेवटी लग्नाच्या बँडनं. मागच्या चार तबकड्या माझ्या पेटीत होत्या. पहिली मात्र सबंध मुलखात एकच शिल्लक होती. पंधरा वर्षं मी दुसरी शोधली, मिळाली नाही. ती एकुलती एक या पत्र्याच्या गोल डब्यात राहायची.

तो मंगळवार होता, सत्तावन्न सालच्या जानेवारीतला. गुरुवारी नागपूरच्या रेडिओचे साहेब जीप घेऊन गावात येणार होते. एका गाण्याचा सारा प्रवास रेडिओवर सांगायचा, पाचही तबकड्या ओळीनं वाजवायच्या आणि पहिल्यांदा ते कोण गायलं, त्याचं नाव जाहीर करायचं, असा त्यांचा बेत. त्यांची अट एकच. तबकडी कानानं ऐकू तेव्हाच नाव घेऊ, ऐकीव गोष्टी नकोत. तबकडी नसेल तर दाजीबांचीच पहिली ठरणार आणि रुखमाबाईंचं नाव कायमचं पुसलं जाणार.

बाईंनी गाऊन दाखवावं म्हटलं, तर तेही शक्य नव्हतं. सहा वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्यात त्यांचा आवाज गेला तो गेलाच. आता त्या नुसत्या कुजबुजत. आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इथं आलो तेव्हा आवाज शाबूत होता. तेव्हा त्या मला या गाण्याबद्दल काहीतरी सांगायला लागल्या होत्या, आणि मी मध्येच तबकडी कशी पुसावी यावर भाषण ठोकलं होतं. असा मी शहाणा!

"बाई, कोणी नेली असंन?" मी विचारलं.

रुखमाबाईंनी त्या मोहफुलांकडे जरा वेळ पाहिलं. घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. हळूच झाकण लावलं.

"कोनाले चोर नको म्हनू, भाऊ," त्या कुजबुजल्या. "मले नावाचं काई नाई. रेकॉर्ड तेवढी वाजली पाह्यजे."

नाव नको आणि तबकडी मात्र वाजायला हवी, हे काय त्रांगडं? मला वाटलं, बाईंचा विनय. तेवढ्यात अंगणातून कोणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "मिस्त्री, रेकॉर्ड गेली म्हने!"

आणि मी तर अजून घराबाहेर एक अक्षरही काढलं नव्हतं.

२

ओरडणारे भैयाजी होते. दाजीबांचे धाकटे भाऊ आणि आता नाटक कंपनीचे मालक. कंपनीचा मुक्काम गावातच होता. अंगावर शाल, तोंडात पान, आणि बोलणं असं की शेवटच्या रांगेला ऐकू जावं.

आता सांगा, तबकडी नाहीशी झाली तर फायदा कोणाचा? यांच्याच भावाचा! मी काही आडवळण घेतलं नाही. "भैयाजी, तुमच्या सामानाची पेटी उघडा," म्हणालो.

"उघडा ना जी! मी का भेतो काय?"

पेटीत दोन दाढ्या, एक मुकुट, राक्षसाचे दात आणि चार जरीची लुगडी निघाली. लुगड्यांच्या घड्यांत मी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. कंपनीचे नट पोट धरून हसत होते. तबकडी नव्हती.

"तुम्हाले कोणी सांगितलं रेकॉर्ड गेल्याचं?" मी घाम पुसत विचारलं.

"नथ्थूनं. सकाळीच त्यानं डबा पुसाले घेतला तं आत रेकॉर्ड नाई. त्याच्या पोटात काई राह्यते का? साऱ्या गावाले ठाऊक हाय. तुम्हीच उशिरा आले."

नथ्थू म्हणजे रुखमाबाईंचा पुतण्या. तो त्यांच्याजवळच राहतो आणि लग्नात क्लॅरिनेट वाजवतो. पाचवी तबकडी त्याच्याच बँडची. म्हणजे माझ्या आधी डबा उघडणारा एक माणूस निघाला. पण भैयाजींना मी अजून सोडलं नव्हतं.

"गुरुवारी तुमच्या दादाचं नाव पहिलं लागंन, तं तुम्हाले वाईट वाटंन काय?"

भैयाजी पान थुंकून आले, खाटेवर बसले, आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेपुरता झाला.

"चांगलंच वाटंन, खोटं काऊन बोलू? पण मिस्त्री, दादा त्या गान्यातल्या एका जागेले जन्मभर भेला. 'बाई वो' संपत नाई, अन् त्याच्यावरच 'चाल' चढते. तिथी श्वास घ्याले फटच नाई. दादा रोज अडखळे. मग रेकॉर्डिंगच्या वक्ती त्यानं पेटीवाल्याले सांगतलं, थे जागा आली का जोरात वाजव, माया श्वास झाकला पाह्यजे."

हे मला ठाऊक होतं. म्हणजे पेटीचा आवाज तिथं एकदम मोठा होतो हे ठाऊक होतं. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की ती नाटकवाल्यांची खास नजाकत आहे.

"दादा गेला त्याच्या आधल्या दिवशी मले म्हने, भैया, रुखमाबाई तिथी दम कुठी घेते, थे एकदा नीट आयकून ये. म्हून तं मी मुक्काम इथी टाकला. बाईनं गुरुवारी आयकवतो म्हटलं होतं." भैयाजींनी शालीनं डोळे पुसले. "अन् तुम्ही माये लुगडे उचकून राह्यले!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असा माणूस ती तबकडी पळवेल? उलट आमच्या दोघांत तो तिच्यासाठी जास्त तळमळत होता. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी जाऊ द्या, रेकॉर्ड काढा."

मग उरला नथ्थू.

३

नथ्थू मागच्या पडवीत क्लॅरिनेटच्या बटणांना तेल लावत होता. मला पाहताच त्यानं तेलाची बाटलीच लवंडली.

"मी नाई नेली जी!"

"मी अजून काही विचारलं का?"

"विचाराच्या आधीच सांगून ठेवलं."

नथ्थू साधा माणूस. फक्त त्याच्या तोंडाला दार नाही. मी त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. सोमवारी दुपारी तबकडी डब्यात होती, त्यानं डोळ्यांनी पाहिली. मंगळवारी सकाळी नव्हती. डबा कोनाड्यात, घराला दार आहे पण कुलूप कधी नसतं. आणि सोमवारी दुपारी त्यानं डबा उघडला तो फुशारकी मारायला.

"कसली फुशारकी?"

"काई नाई जी. म्हटलं, साहेबाजवळ अशी मशीन हाय, का रेकॉर्ड त्याच्यावर लावली तं कोनाचा गळा कोनता थे निवडून देते. तांदुळातले खडे निवडावे तसं. कोनी खोटं नाव सांगतलं तं सारं बाहेर पडते, अन् रेडिओवर साऱ्या दुनियेले कळते."

"असलं यंत्र कुठं आहे रे?"

"नाई काय? मले वाटलं असंन."

मी कपाळावर हात मारला. "ही अक्कल पाजळली तेव्हा ऐकायला कोण होतं?"

"आमची काकू होती. अन् बुधरीबाई. दोघी धान कांडून राह्यल्या होत्या."

बुधरीबाई पलीकडच्या गोंडटोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली. लहानपणापासून रुखमाबाईंच्या घरी तिची ये-जा. तिचा नवरा जंगू जंगलातून लाख, चारोळी, मध आणायचा. बुधरीबाई माझ्याशी कधी एका शब्दापलीकडे बोललेली नव्हती. तिचा विचार मी तिथंच सोडला, कारण मला नथ्थूच जास्त संशयास्पद वाटत होता. बँडची तबकडी सगळ्यांत शेवटी लागणार याचा त्याला राग आला असेल, असा मी तर्क लढवला.

"तुमच्या बँडच्या रेकॉर्डीत त्या जागेवर दोन क्लॅरिनेट का वाजतात?" मी उगीच खडा टाकला.

"काऊन म्हनजे? एकानं होतच नाई जी! माया सूर संपाच्या आत दुसऱ्यानं उचलला पाह्यजे. सात दिवस मी एकटा मरमर मेलो, शेवटी वारलूले सोबत घेतला."

दाजीबांना पेटीनं झाकावं लागलं. नथ्थूला जोडीदार घ्यावा लागला. मला आता चैन पडेना. मी डबा पुन्हा मागवला.

"आणि ही मोहफुलं?"

"उंदरानं नेऊन ठेवले असतीन."

"उंदरानं झाकण उघडलं, दहा इंची रेकॉर्ड काढून नेली, मोहफुलं ठेवली, आणि झाकण परत घट्ट लावलं?"

नथ्थूनं यावर खरोखर विचार केला. म्हणाला, "मोठा असंन जी उंदीर."

मी हसलो नाही. ती फुलं तळहातावर घेतली. निवडलेली, एकही किडकं नाही, देठ नाही. ही फेकलेली नव्हती, कोणीतरी नीट ठेवली होती. चोर घाईत असतो. मग चोरी करताना फुलं निवडून ठेवत कोण बसलं?

४

बुधवारी सकाळी मी ओसरीवर ग्रामोफोनची पेटी मांडली. पहिली तबकडी सापडो न सापडो, बाकीच्या चार तरी तपासून ठेवायला हव्यात.

अंगणात उखळ होतं. बुधरीबाई आली, रुखमाबाई उठल्या. दोघींनी एकेक मुसळ घेतलं आणि समोरासमोर उभ्या राहून कांडायला लागल्या. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. धप, धप, धप, धप. कोणी बोलत नव्हतं. नथ्थू म्हणाला होता, काकूचा आवाज गेला तेव्हापासून या दोघी मुक्यानंच कांडतात.

मी कीर्तनकारबुवांची तबकडी लावली. तीच जागा आली आणि बुवांच्या मागचे टाळकरी एकदम तुटून पडले. बुवांनी तिथं श्वास घेतला असणार, टाळांच्या आडोशाला. मग सिनेमाची लावली. मोठा वाद्यवृंद, गोड गळा, सगळं झकपक. पण या बाईनं त्या जागी काय केलं होतं? 'बाई वो' गाळूनच टाकलं होतं! 'दिस गेला पहाडाआड', मग एक पोकळी, मग 'चाल घरा'. सबंध गाण्यात तेवढी एक पोकळी, दात पडल्यासारखी.

मी चिडून पिन उचलणार, तेवढ्यात माझा हात थांबला.

अंगणातल्या मुसळांनी नकळत गाण्याचा ठेका धरला होता. 'दिस गेला' म्हणताना रुखमाबाईंचं मुसळ वर जाई आणि शब्द संपता संपता खाली येई. धप. ती पोकळी आली की नेमकं बुधरीबाईचं मुसळ वर जाई. आणि 'चाल' उगवे ते तिचं मुसळ पडायच्या आत. मी सुई मागे नेऊन तोच तुकडा परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावला. मुंबईच्या बाईनं सोडलेली जागा या दोघींची मुसळं तंतोतंत भरत होती.

अरे देवा! हे कांडणीचं गाणं होतं!

मुसळ वर नेताना बाई गाऊ शकते. खाली आपटताना तिचा दम तुटतो, तिथं ती गाऊच शकत नाही. तेव्हा समोरचीचं मुसळ वर असतं, म्हणून सूर समोरची उचलते, पहिलीचा 'वो' संपायच्या आत. श्वासाला फट नाही, कारण तिथं श्वास घ्यायचाच नाही, गाणं दुसरीच्या हातात द्यायचं. चौघांतला एक नथ्थू सोडला तर दाजीबा, बुवा, सिनेमावाली, सगळे एका गळ्यानं दोघींचं गाणं गायला गेले आणि एकाच जागी ठेचकाळले. नथ्थूनं दोन क्लॅरिनेट घेतले आणि आपण केवढं मोठं गणित सोडवलं याचा त्याला पत्ताही नव्हता.

पण मग पहिल्या तबकडीवर रुखमाबाई एकट्या ते कशा गायल्या?

नव्हत्याच गायल्या एकट्या.

आणि तबकडीवर दुसरा गळा असेल, तर 'गळे निवडणाऱ्या' यंत्राच्या धास्तीनं कोणाची झोप उडेल? नथ्थूची फुशारकी ऐकायला दोघीच होत्या. मी मुठीत मोहफुलं घेतली, आणि कांडण आटोपून टोल्याकडे निघालेल्या बुधरीबाईच्या मागे चालू लागलो.

५

टोल्याच्या वाटेवर पळसाखाली मी तिला गाठलं. मूठ उघडून दाखवली.

"बाई, हे तुमच्या घरचं हाय ना?"

बुधरीबाईनं फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पळून गेली नाही.

"तुले कसं समजलं, भाऊ?"

"चोर डबा रिकामा सोडून जाते," मी म्हणालो. "पण तुम्ही दोघी जन्मभर एकमेकींच्या घरी भांडी नेता-आणता. शेजारणीचं भांडं रिकामं ठेवायचं नाही, काहीतरी घालूनच ठेवायचं, ही सवय हाताला. रेकॉर्ड काढून घेतली, पण डबा रिकामा ठेवायला तुमचा हात धजला नाही. आणि पौष महिन्यात इतकी निवडलेली मोहफुलं टोल्याशिवाय दुसरीकडे कुठं असणार?"

ती मटकन बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी आपला उभा. अशा वेळी काय करायचं ते मला कधीच समजत नाही.

मग तिनं सांगितलं. छत्तीस साली रेकॉर्ड कंपनीचे लोक नागपुरात आले होते. रुखमाबाईंचे मालक हौशी, बायकोला घेऊन गेले. अंगावर पिणारं मूल होतं, ते सांभाळायला बुधरीबाई सोबत. तिथं मेणाच्या चकतीवर गाणं कोरायचे, आणि चुकलं की चकती वाया. रुखमाबाई एकट्या गायल्या आणि त्या जागी अडखळल्या. तीन चकत्या वाया गेल्या. साहेब चिडला, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या वेळी ती जागा आली आणि मागं पोराला घेऊन उभ्या असलेल्या बुधरीबाईच्या तोंडून तिचा वाटा आपोआप निघून गेला.

"मी मुद्दाम नाई गायली, भाऊ. हात कसा मुसळ उचलते तसा गळ्यानं उचलला." साहेब खूश झाला. मग गाणारीचं नाव विचारलं. मालकांनी बायकोचं सांगितलं. बुधरीबाईला कोणी विचारलंच नाही.

"अन् तुम्ही काही बोलल्या नाही?"

"कायले बोलू? भाऊ, माही सोमारी जलमली तवा मी तापानं बेसूध होती. एक महिना. हिनं आपल्या पोराले एका अंगावर घेतलं अन् माह्या पोरीले दुसऱ्या अंगावर. घरचे लोक बोलले, गाव बोललं. हिनं कोनाचं आयकलं नाई. माही सोमारी हिच्या दुधावर जगली." तिनं डोळे पुसले. "नथ्थू म्हने, मशीन गळे निवडते. मंग साहेब साऱ्या दुनियेले सांगन का रुखमाबाई खोटी हाय, अर्धं गानं दुसरीचं हाय. तिचं नाव जाईन त्याच्यापरीस रेकॉर्ड नसलेली बरी, म्हून मी नेली. फोडाले मात्र हात झाला नाई."

तिच्या घरी धान साठवायच्या ढोलीत, लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली तबकडी निघाली. एक चरा नाही. मी ती दोन्ही हातांनी घेतली. तबकडीला कधी नमस्कार केला नव्हता, त्या दिवशी केला.

"तिले नको सांगू, भाऊ," बुधरीबाई म्हणाली. "तिले वाटंन मी चोर हाय."

पण घरी पोचलो तर रुखमाबाई दारातच उभ्या होत्या. माझ्या हातातल्या तबकडीपेक्षा माझ्या मागे रेंगाळणाऱ्या बुधरीबाईकडेच त्यांची नजर होती.

"आली काय वो?" त्या कुजबुजल्या. "मले तं फुलं पाह्यली तवाच समजलं होतं."

६

म्हणजे बाईंना मंगळवारपासून सगळं ठाऊक होतं! मी उसळलोच. "मग सांगितलं काऊन नाई? मी त्या भैयाजीचे लुगडे उचकले!"

"चारचौघांत इचं नाव घेतलं असतं, तं गावानं इले चोर म्हटलं असतं. इनं आपल्या हातानं परत आनावी म्हून थांबली होती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् सांगाचं तं मी वीस वर्सं सांगून राह्यली, भाऊ. हे गानं आमच्या दोघींचं हाय. माह्या मालकाले सांगतलं, गावाले सांगतलं. सारे म्हनत, बाई लय मोठ्या मनाची हाय. तुले बी सांगाले लागली होती. तू मले रेकॉर्ड पुसाले शिकवून राह्यला होता."

त्यांना नाव का नको होतं आणि तबकडी का वाजायला हवी होती, ते आत्ता माझ्या टाळक्यात शिरलं. बोलून कोणी मानत नव्हतं. आता तर बोलायला आवाजही नव्हता. बुधरीचा गळा जगाला ऐकवणारी एकच गोष्ट उरली होती, ती तबकडी.

"तू माह्या सोमारीले दूध देल्लं," बुधरीबाई म्हणाली.

"अन् तू मले गानं देल्लं," रुखमाबाई म्हणाल्या. "नाई तं मी तिथी रडतच बसली असती."

दोघी उखळाजवळ बसून राहिल्या. मी ओसरीवर जाऊन उगीच ग्रामोफोनला तेल दिलं.

गुरुवारी दुपारी जीप आली. साहेब तरुण होते, चष्मेवाले, धुळीनं माखलेले. सोबत टेपचं यंत्र. नथ्थूनं त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मी पहिली तबकडी लावली. खरखर सुरू झाली, मग गाणं, आणि ती जागा आली. 'बाई वो' अजून हवेत होतं आणि त्याखालून 'चाल' उगवलं. यंत्र कशाला लागतं? एकदा कळल्यावर कोणालाही ऐकू येत होतं. भैयाजी खांबाला टेकून उभे होते, ते तिथंच खाली बसले.

"दोघी हाय जी," ते म्हणाले. "दादा, अरे दोघी हाय रे! तू कायले स्वतःले कोसत होता?" मग उठून त्यांनी दोघींसमोर हात जोडले. "बाई, या गान्यावर आमच्या कंपनीनं वीस वर्सं टाळ्या घेतल्या. तुमचे उपकार हायेत."

साहेबांनी पेनचं टोपण उघडून कागद घेतला. "नावं सांगा."

रुखमाबाईंनी बुधरीबाईचा हात धरून तिला पुढे ओढलं. बुधरीबाई म्हणाली, "माह्या नावाचं काय करता? हिचंच ठेवा." रुखमाबाईंनी मान हलवली. त्या साहेबांच्या अगदी कानाशी गेल्या आणि म्हणाल्या, "इचं नाव लिवत नसान, तं माहं बी नको."

साहेबांनी दोन्ही लिहिली. मग त्यांना हुक्की आली. म्हणाले, बुधरीबाई, तुमचा गळा अजून आहे, टेपवर एकदा गाऊन द्या. पुष्कळ आढेवेढे झाले. शेवटी ती उभी राहिली आणि म्हणाली, मुसळ हातात असल्याशिवाय मला गाणं येत नाही. मुसळ आणलं. दुसरं रुखमाबाईंनी उचललं.

यंत्र फिरू लागलं. मुसळं वर-खाली झाली, आणि बुधरीबाई गप्पच. पहिली ओळ रुखमाबाईंची, ती कोण गाणार? साहेबांनी खूण केली, तुम्हीच गा. तिनं मान हलवली. दोन फेरे तसेच गेले. तिसऱ्या फेऱ्याला रुखमाबाईंचं मुसळ वर गेलं आणि त्यांचे ओठ हलले. सूर कसला, नुसती हवा. सुपातून कोंडा उडतो तेवढा आवाज. "दिस गेला पहाडाआड, बाई वो", आणि तो श्वास सरायच्या आत बुधरीबाईनं 'चाल घरा' उचललं. साहेब यंत्र बंद करायला पुढे झाले नाहीत. गाणं संपेपर्यंत चष्मा पुसत राहिले.

पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे सारा गाव जमला. गोंडटोलाही आला. सोमारी आपलं पोर कडेवर घेऊन आली होती. जन्मभर हे गाणं तिनं लग्नात नाचताना ऐकलेलं, पण आई त्यात खरोखर आहे हे तिलाही कधी पटलं नव्हतं. मीही चांद्याहून तीच हाडं खिळखिळी करून घेत आलो, आणि या खेपेला वाटेत कुरकुरलो नाही. चाळीस वर्षांच्या माझ्या धंद्यात लोकांची गाणी मी पुष्कळ ऐकली, लोकांचं म्हणणं मात्र कधी ऐकून घेतलं नाही. ते या दोघींनी शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

रेडिओच्या पेटीतून निवेदकाचा आवाज आला. गाण्याची कहाणी सांगून झाली. "हे गीत प्रथम गाणाऱ्या, गडचिरोलीच्या रुखमाबाई," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. "आणि बुधरीबाई."

मागच्या रांगेतून बुधरीबाई ताडकन उभी राहिली. हाक मारल्यावर द्यावी तशी तिनं पेटीला ओ दिली.

"हो जी! इथी हाय मी!"

सगळा गाव हसला. रुखमाबाईही हसल्या, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी बुधरीबाईला हात धरून आपल्याशेजारी पहिल्या रांगेत बसवलं, आणि गाणं सुरू झालं.